कोरा चहा आणि लोहाची गोळी

"तिचा तेवढा चहा सोडवून ये," असं ताईनं नागपूरहून फोनवर बजावलं तेव्हा मला हसू आलं. चहा सोडवायचा म्हणजे काय, विडी-काडीचं व्यसन आहे का ते? पण ताई हसत नव्हती. तिची धाकटी लेक, म्हणजे माझी भाची, गेली दीड वर्षं नवा रायपूरला होस्टेलमध्ये राहून शिकते. जानेवारीत एकदा वर्गातून उठताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती तिथंच मटकन खाली बसली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.२. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. दीड महिन्यानं पुन्हा तपासलं तर ९.४!

"गोळ्या घेते म्हणते. मग रक्त वाढत का नाही? जेवत नाही ग ती. नुसती चहावर जगते. आणि तोही कोरा! निदान दूध तरी पोटात जाऊ दे म्हटलं, तर ऐकेल तर शपथ."

मला कामानिमित्त तीन दिवस रायपूरला जायचंच होतं. एक दुपार आणि एक संध्याकाळ भाचीसाठी राखून ठेवली. पिशवीत ताईनं दिलेले शेंगदाण्याचे लाडू, मेतकूट आणि भरपूर सूचना होत्या. चहाची पूड मात्र मुद्दाम दिली नव्हती.

नवा रायपूर पाहिलं नसेल तर थोडं सांगायला हवं. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड राज्य झालं आणि जुन्या रायपूरपासून वीसेक किलोमीटरवर नवी राजधानी आखली गेली. २०१२ मध्ये मंत्रालय तिथल्या महानदी भवनात गेलं, २०१८ मध्ये शहराला अटल नगर हे नाव मिळालं. रस्ते असे रुंद की पलीकडे जायला शिदोरी बांधून घ्यावी! क्रिकेटचं भलंमोठं मैदान आहे, तलाव आहे, जंगल सफारी आहे. नाही ते म्हणजे आपल्या गावातलं कोपऱ्या-कोपऱ्यावरचं गजबजलेपण. विद्यार्थी मात्र भरपूर. २००३ सालचं हिदायतुल्ला राष्ट्रीय विधी विद्यापीठ इथं आहे, २०१५ ची ट्रिपल आयटी आहे, भारतीय व्यवस्थापन संस्थाही इथंच आहे, शिवाय खासगी विद्यापीठं. माझी भाची यांतल्या कशात शिकते की आणखी कुठे, ते सांगत नाही, कारण तिच्या मेसबद्दल पुढे दोन शब्द बोलायचे आहेत.

होस्टेलच्या खोलीत शिरल्यावर पहिल्यांदा नजर गेली ती टेबलाकडे. पुस्तकांचे दोन मनोरे, मधे लॅपटॉप, आणि त्याला खेटून एक थर्मास, एक स्टीलचा मग, लेमन टीच्या पिशव्यांचा पिवळा खोका. मगात आदल्या चहाचं तपकिरी वर्तुळ वाळलेलं.

"दूध का नाही घालत?" मी आल्या आल्या सुरुवात केली.

"मावशी, दूध ठेवू कुठे? खोलीत फ्रीज नाही. उन्हाळ्यात इथं पारा पंचेचाळिशीला टेकतो. सकाळी आणलेली पिशवी दुपारपर्यंत नासते. शेगडीला बंदी, विजेच्या किटलीला बंदी. मेसमधून थर्मासभर गरम पाणी मिळतं, त्यात पिशवी बुडवायची, झालं."

बिनतोड उत्तर. आपण घरी बसून "कोरा चहा पितात हल्लीच्या मुली, फॅशन आहे" म्हणतो, आणि इकडे कारण दुधाच्या पिशवीत दडलेलं असतं. कोकणात आणि घाटावरही गरिबाघरी कोरा चहाच व्हायचा. दूध विकायला जायचं आणि घरच्यांना कोरा. पाहुण्याला कोरा चहा द्यावा लागला की घरची बाई ओशाळायची, ते दिवस फार लांबचे नाहीत.

हा 'कोरा' शब्द मला नेहमी गमतीचा वाटतो. इंग्रजांनी पानाच्या रंगावरून त्याला काळा चहा म्हटलं. चिनी लोक कपातल्या रंगावरून त्यालाच लाल चहा म्हणतात. छत्तीसगडमध्येही टपरीवर 'लाल चाय' म्हणूनच मागावा लागतो, बंगालीतही तो लालच. आपण मराठी माणसांनी मात्र त्यात काय नाही यावरून नाव ठेवलं, कोऱ्या कागदासारखं. जणू दूध पडेपर्यंत चहा लिहिलाच जात नाही!

भाचीनं मला एक मग करून दिला. पिशवी थर्मासच्या पाण्यात बुडवली, चारदा वर-खाली केली आणि पिळून टाकून दिली. वास छान लिंबाचा आला. घोट घेतला तर लिंबाचा वास असलेलं गरम पाणी. चहा कुठे दिसेना. मागाहून जिभेवर थोडा कडवटपणा राहिला, तेवढीच काय ती त्याची ओळख. वर चहावर एक पातळ, तेलकट दिसणारी साय तरंगत होती.

"अशी दिवसातून किती वेळा पितेस?"

तिनं बोटं मोजली. सकाळी दोन, मधल्या सुट्टीत एक, जेवल्यावर एक, संध्याकाळी टपरीवर एक, रात्री वाचताना तीन, कधी चार.

"आणि गोळी कधी घेतेस?"

"रात्री. जेवल्यावर घ्यायला सांगितलीय ना."

"कशाबरोबर?"

ती थांबली. मग थर्मासकडे पाहून म्हणाली, "चहाबरोबरच. गरम असतं, पटकन उतरते."

ताईचं कोडं तिथंच सुटलं. दीड महिना पोरगी इमानेइतबारे गोळ्या गिळत होती आणि प्रत्येक गोळीमागे चहा पाठवत होती. चहातली टॅनिन्स, म्हणजे ज्यांच्यामुळे जीभ आवळल्यासारखी होते ती द्रव्यं, लोहाला पोटातच धरून ठेवतात. भाजी, डाळ, बाजरी यांतून मिळणारं लोह आणि गोळीतलं लोह, दोन्हींवर त्यांचा परिणाम होतो. जेवणासोबत कपभर चहा घेतला तर डाळ-भाजीतलं लोह अंगी लागण्याचं प्रमाण निम्म्याहून अधिक घटू शकतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शिका काढली. तिच्यात स्पष्टच म्हटलं आहे की जेवणाआधी आणि जेवणानंतर निदान तासभर चहा-कॉफी टाळा. आपल्याकडे तर जेवण झालं की "चहा टाकू का?" हा अगत्याचा प्रश्न असतो! २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. त्याला कारणं पुष्कळ आहेत, सगळं खापर चहावर फोडण्याचा विचार नाही. पण घरातल्या कुणी लोहाच्या गोळ्या घेत असेल तर त्या कशाबरोबर घेतल्या जातात, एवढं एकदा विचारून पाहा.

भाची ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की आता मावशी चहाचा खोका उचलून पिशवीत टाकणार, या भीतीनं ती आधीच बाजू मांडायला सज्ज झाली आहे.

"पण मावशी, पाकिटावर लेमन लिहिलंय. लिंबानं लोह वाढतं ना?"

युक्तिवाद चांगला होता. क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं, चहाची आडकाठीही ते काही अंशी दूर करतं. पण त्यासाठी लिंबू हवं. आम्ही खोका उलटा करून बारीक अक्षरं वाचली. चहाबरोबर 'स्वाद' होता. आपल्या देशात असा चहा विकताना वेष्टणावर तो स्वादयुक्त चहा आहे हे आणि स्वादाचं नाव लिहावं लागतं, बनवणाऱ्याला चहा मंडळाकडे नोंदणीही करावी लागते. म्हणजे लबाडी काही नाही, सगळं छापलेलं असतं. वाचत नाही ते आपणच. स्वाद नाकाला आनंद देतो. रक्ताला त्याचा उपयोग नाही.

इथं मी ताईच्या आज्ञेपासून थोडी ढळले, हे कबूल करते. पोरगी रोज आठ कप पिते तो चहा तिला मुळात आवडतो की नुसता सवयीनं घशाखाली जातो, ते मला पाहायचं होतं. आवडत नसेल तर सोडणं सोपं. आवडत असेल तर नीट तरी करून प्यावा!

मग आम्ही दोघींनी चहाची परीक्षाच मांडली. चहा कसा परीक्षावा याचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, १९८० सालचं. शंभर मिलिलिटर उकळत्या पाण्याला दोन ग्रॅम चहा, सहा मिनिटं झाकून ठेवायचं. चहाची चव एकमेकांशी ताडून पाहता यावी म्हणून ते केलेलं आहे, रुचकर चहाची कृती म्हणून नव्हे. या मानकाच्या ब्रिटिश भावंडाला १९९९ मध्ये साहित्याचं 'इग नोबेल' हे थट्टेचं पारितोषिक मिळालं होतं, चहा करण्यावर सहा पानं लिहिल्याबद्दल! पण पद्धत उपयोगाची आहे. कोलकाता, गुवाहाटी, कुन्नूरच्या लिलावांसाठी चहा चाखणारे लोक असेच ओळीनं कप मांडतात. आधी कोरड्या चहाचा वास, मग कपातला रंग, मग भिजलेल्या पानाचा वास, आणि शेवटी चमच्यातून जोरात फुरका मारून घोट तोंडभर फिरवतात नि थुंकून टाकतात. फुरका का? तर हवेबरोबर चहाचे बारीक तुषार नाकाच्या मागच्या बाजूला पोचतात आणि चवीतला मोठा भाग तर वासच असतो. आमची आजी बशीत ओतून फुर्रकन प्यायची तेव्हा आई डोळे वटारायची. आजी तज्ज्ञ होती, आम्हाला कळलं नाही.

पहिली अडचण पाण्याची निघाली. मेसच्या नळाचं गरम पाणी उकळतं नव्हतं, थर्मासमध्ये तासभर राहून आणखी निवलं होतं. कोमट पाण्यात पिशवी बुडवली की वरचा लिंबाचा स्वाद लगेच सुटतो, पण चहाच्या पानातलं सत्त्व उतरत नाही. म्हणून मला सकाळी गरम पाणी प्यायल्यासारखं वाटलं होतं. त्यात भाची पिशवी अर्ध्या मिनिटात काढायची आणि पिळायची. पिळल्यानं तुरटपणा तेवढा वाढतो. मेसमधल्या काकूंना विनंती करून उकळी फुटलेलं पाणी थर्मासमध्ये घेतलं, मग धुऊन झाकून चार मिनिटं पिशवी ठेवली. न पिळता काढली. तोच खोका, तीच पिशवी, आणि चहाला एकदम अंग आलं! रंग तांबूस, घोट तरतरीत. लिंबाचा वास मागे सरकला, पण नाहीसा झाला नाही.

वरची ती साय मात्र तशीच होती. ती दुधाची नव्हे हे उघड आहे. जड पाण्यातले क्षार आणि चहातली द्रव्यं हवेशी मिळून तो पापुद्रा धरतात. बोअरच्या पाण्याच्या गावात तो सगळ्यांच्या परिचयाचा. त्यावर उपाय म्हणजे खऱ्या लिंबाचा थेंब. भाचीच्या शेजारच्या खोलीत अर्धं लिंबू मिळालं. थेंब पडताच पापुद्रा विरला आणि चहाचा रंग बघता बघता उतरून सोनेरी झाला. चहातली रंगद्रव्यं आंबटात फिकी पडतात, म्हणून तो रंग जातो, कस जात नाही. इतके दिवस लिंबाचा चहा पिणाऱ्या भाचीनं ही जादू पहिल्यांदाच पाहिली, कारण तिच्या चहात लिंबू आजवर कधी पडलंच नव्हतं.

एव्हाना खोलीत चार मुली जमल्या होत्या. होस्टेलात काही तरी शिजतंय म्हटलं की वर्दी लागते. कोलकात्याच्या एका मुलीनं अर्ल ग्रेचा डबा आणला. आत काळा चहा आणि वर बर्गमॉट नावाच्या लिंबूवर्गी फळाच्या सालीचं तेल, हे फळ मुख्यतः इटलीच्या कालाब्रिया भागात होतं. मला तो चहा अत्तराच्या दुकानातून आल्यासारखा वाटला. मुलींना आवडला. त्यांना मी २००२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेली हकिकत सांगितली. एक चव्वेचाळीस वर्षांचा गृहस्थ दिवसाला चार लिटरपर्यंत अर्ल ग्रे पिऊ लागला आणि त्याच्या स्नायूंना पेटके येऊ लागले. साधा काळा चहा धरल्यावर ते गेले. बर्गमॉटच्या तेलातल्या एका द्रव्यावर डॉक्टरांचा संशय होता. दोन कप पिणाऱ्यानं घाबरू नये. पण भाचीनं आपला मग जरा लांब सरकवला.

खरी मौज आणली ती तिच्या खोलीतल्या जोडीदारणीनं. ती जशपूरकडची. छत्तीसगडच्या उत्तरेला, झारखंडच्या सीमेलगतचा हा डोंगराळ जिल्हा. तिनं पत्र्याच्या डबीतून दाणेदार चहा काढला आणि अभिमानानं म्हणाली, "ये हमारे यहाँ का है, सारूडीह का." चहा म्हटलं की आपल्याला आसाम, दार्जिलिंग, निलगिरी एवढंच आठवतं. पण जशपूर शहराजवळच्या सारूडीहला खरोखर चहाचा मळा आहे, आदिवासी कुटुंबांच्या जमिनीवर वनविभागाच्या मदतीनं उभा राहिलेला. छत्तीसगड म्हणजे भाताचं कोठार एवढंच ऐकून होते, इथल्या मातीतला चहा मी पहिल्यांदा प्याले. स्वाद-बिद काही न घातलेला, अगदी कोरा. नरम लागला, शेवटी किंचित गवतासारखा वास. रोज पिता येईल असा. आसामी चहासारखा अंगावर येत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. आपण घरी दूध घालून खळखळा उकळतो ती सवय या चहाला लावू नका. आपला दाणेदार चहा सीटीसी यंत्रातून, म्हणजे पान चुरून, फाडून, वळवून केलेला असतो, १९३० च्या सुमारास आसामात निघालेलं ते तंत्र आहे. त्यातून सत्त्व चटकन उतरतं. दुधातली प्रथिनं टॅनिन्सना धरून ठेवतात म्हणून उकळलेला दुधाचा चहा आपल्याला गोड लागतो. दूध नसलं की तोच चहा उकळल्यावर कडू काढा होतो. उकळतं पाणी, झाकण, तीन-चार मिनिटं, आणि गाळून घ्या.

संध्याकाळी आम्ही बाहेर पडलो. आवाराबाहेर रस्त्याच्या कडेला एकच गाडी होती, तिच्याभोवती मात्र अख्खी जत्रा. "दीदी, लाल चाय?" गाडीवाल्यानं भाचीकडे पाहून विचारलं, म्हणजे ओळख पक्की. त्यानं आलं ठेचलं, चहात टाकलं, गाळून वर लिंबू पिळलं आणि चिमूटभर काळं मीठ. आंबट, तिखट, खारट, आणि मागे चहा. दिवसभरातला हा पहिला कप की जो तिनं दुसरं काहीही न करता प्यायला. मोबाइल खिशात होता. समोर रुंद रस्ता, लांबवर दिवे लागत होते.

तिथंच ती म्हणाली, "मावशी, माझा एक पेपर राहिलाय. मागच्या सत्राचा. आईला माहीत नाही."

मी काही बोलले नाही. ती सांगत गेली. तो पेपर आणि चालू सत्राचा अभ्यास, दोन्ही रात्री जागून करते. मेस रात्री नऊला बंद होते. ग्रंथालयातून यायला साडेनऊ. भाजी रोज तीच, पाण्यात बुडालेली, पोळ्या कधी संपलेल्या. मग जेवणाला जायचा कंटाळा आणि चहा. चहा प्यायला की भूक मरते, झोपही लांबते. रात्री एकला शेवटचा कप, पहाटे तीनपर्यंत डोळा लागत नाही, सकाळी आठला वर्ग. त्यासाठी पुन्हा दोन कप.

मी तिच्यासमोर हिशोब मांडला. पोषण संस्थेच्या त्याच मार्गदर्शिकेत चहाच्या एका कपात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन धरलं आहे आणि दिवसाला ३०० च्या पुढे जाऊ नये असं म्हटलं आहे. आठ-नऊ कपांचे किती? आणि पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं साधारण पाच तासांनीही शरीरात असतंच. एकचा कप पहाटे सहालाही तिच्यात जागा होता. तीच ती झोप न येणं, जिला ती अभ्यासाची काळजी समजत होती. काळजीही होतीच म्हणा.

"आईला सांगशील?"

"मी नाही सांगणार. तू सांग. पण मला ताईनं 'काय चाललंय तिचं' असं सरळ विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही."

दुसऱ्या दिवशी माझं काम रायपूर शहरात होतं. भाचीला सुट्टी होती, म्हणून तिला तिकडेच बोलावलं. रायपूरला मराठी माणूस आजचा नाही. १७५८ पासून नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी भोसले छत्तीसगडात राज्य करत होते, त्यांच्या मागोमाग आलेल्या आणि नंतर रेल्वे, शाळा, कचेऱ्यांसाठी आलेल्या मराठी कुटुंबांच्या पिढ्या इथं नांदल्या. चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे. तात्यापाऱ्यात आमच्या ओळखीचं एक जुनं घर आहे. तिथल्या आजींनी आम्हाला वरण-भात, मेथीची भाजी, वर लिंबाची फोड असं जेवायला घातलं. भाची दोनदा भात घेऊन जेवली. जेवण होताच आजी चहा टाकायला उठल्या, आणि भाचीच म्हणाली, "आजी, तासाभरानं टाकाल का?" मी तिच्याकडे पाहिलं नाही, उगाच लाजली असती.

तासाभरानं आजींनी अंगणातल्या कुंडीतून गवती चहाची चार पाती कापली. नावात चहा असला तरी त्याचा चहाच्या झुडपाशी काही संबंध नाही, गवतच ते. गंमत अशी की लिंबाच्या सालीत जो वास असतो, त्यातलं सिट्राल नावाचं द्रव्य गवती चहातही भरपूर असतं. म्हणजे कारखान्यातल्या लेमन टीनं जे काम खोक्यातून केलं, ते आपल्याकडे अंगणातलं गवत पिढ्यान् पिढ्या करत आलंय. लिंबाच्या रसात आंबटपणा असतो, वास सालीत. कोऱ्या चहाला लिंबाचा वास हवा असेल तर सालीचा नखभर पिवळा तुकडा टाका, आंबटपणा हवा असेल तर रस पिळा, दोन्ही हवं असेल तर दोन्ही. पांढरा भाग नको, कडू होतो.

भाचीनं डबीतला जशपूरचा चहा सोबत आणलाच होता. पाती कुसकरून उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवली, मग गॅस बंद करून चहा टाकला, झाकण ठेवलं. गाळून कपात ओतला तेव्हा सगळ्या माजघरात वास. दूध नाही, साखर अर्धा चमचा. दोन दिवसांत पाच-सहा प्रकार चाखले होते, त्यांतला हा सर्वांत सरस, यावर आमच्या दोघींचं एकमत झालं. आजींनी मात्र एक घोट घेऊन कप खाली ठेवला. "चांगलाय," म्हणाल्या, "पण दुधाशिवाय चहा म्हणजे, काय सांगू..." आणि आत जाऊन आपल्यापुरता वेगळा टाकला.

निघताना त्यांनी गवती चहाची जुडी कागदात बांधून दिली. वाळवून डब्यात ठेवली तर महिनाभर पुरेल. थर्मासमध्ये चहाच्या पिशवीबरोबर दोन तुकडे टाकले तरी काम होतं, शेगडी लागत नाही. रात्रीसाठी तर नुसती पातीच टाकायची, चहा नकोच. गरम पेला हातात असतो, वास असतो, कॅफिन नाही. ही तोड भाचीचीच. गोळीचं आम्ही डॉक्टरांनाच फोन करून विचारलं. ते म्हणाले, सकाळच्या न्याहारीनंतर लिंबूपाण्याबरोबर घे आणि पुढचे दोन तास चहा नको. मेसचं काय करायचं ते सुटलं नाही. ग्रंथालयातून साडेआठला उठायचं, असं तिनं कबूल केलं. किती दिवस पाळेल देव जाणे. मी विद्यार्थिनी असताना मला असं कुणी सांगितलं असतं तर मी आठवडाभर पाळलं असतं.

बसस्थानकावर पोचवायला आली तेव्हा तिनं फोन कानाला लावला होता. "आई, बस जरा. एक सांगायचंय," एवढं मला ऐकू आलं. मी बिस्किटांच्या दुकानाकडे वळले आणि उगाचच बराच वेळ पुडे बघत राहिले. परत आले तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण फोन चालूच होता नि पलीकडून ताईचा आवाज इतका मोठा होता की मलाही ऐकू येत होता. ती पेपरबद्दल एक शब्द बोलत नव्हती. "जेवलीस का आज?" हेच चाललं होतं.

त्याला आता सात आठवडे झाले. मागच्या सोमवारी तपासणीचा कागद आला, १०.८. बारापर्यंत पोचायला अजून वेळ आहे, गोळ्या चालूच आहेत. राहिलेल्या पेपरची परीक्षा पुढच्या महिन्यात. दिवसाचे कप चारवर आलेत असं ती म्हणते, जोडीदारीण म्हणते पाच.

ताईनं काल फोन केला. चहा सोडवला नाहीस म्हणून आधी दोन वाक्यं ऐकवली. मग जरा थांबून म्हणाली, "ते गवती चहाचं प्रमाण काय ग? दुपारी एकटीपुरतं दूध तापवायचा कंटाळा येतो."

दोन कपांना तीन पाती, सपाट चमचा चहा, झाकण ठेवायचं. आणि जेवून तासभर झाला की मग.